मीटर जेवत नाही

ऐंशीनंतर कधीतरी आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात परदेशी मीटर आलं. त्याचा सेन्सर मशीनला चिकटवायचा, थरथर मोजायची, की मशीन कधी बिघडणार ते आधीच कळतं म्हणे. ते गळ्यात अडकवून मी डॉक्टरसारखा मिरवायचो.

शिरवण्याहून सायकलवर येणारा एक म्हातारा मशीनना ग्रीस घालायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी आल्या आल्या तो आपला डबा मोठ्या पंपाच्या बेअरिंगवर ठेवायचा. दुपारी माशाचं कालवण छान कोमट मिळायचं. माझ्या सेन्सरची जागा नेमकी तीच. पण माशाच्या डब्याला हात कोण लावणार? मी सेन्सर खालच्या लोखंडी बैठकीला चिकटवायचो, तिथे थरथर जेमतेम पोचायची, आणि ‘प्रकृती उत्तम’ लिहून मोकळा व्हायचो.

एका दुपारी तो जेवता जेवता उठून आला.

“सायेब, कालवनानं तोंड भाजला. ह्यो पंप चार दिस नाय काढायचा.”

“मीटर ठीक दाखवतंय,” मी म्हणालो.

“तुमचा मीटर जेवत नाय,” बोटं चाटत तो म्हणाला, “त्याला काय कलनार?”

तिसऱ्या दिवशी बेअरिंग जळून पंप जाम झाला. माझी नोकरी जायची वेळ आली. चौकशीत मोठ्या साहेबांनी म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारलं, पण मी सेन्सर कुठे लावतो ते त्याने सांगितलं नाही. शेवटी खापर डब्यावर फुटलं आणि नोटीस लागली: मशीनवर डबे ठेवू नयेत. ती मीच टाइप केली.

पंपाला बेअरिंगं दोन असतात. पंप दुरुस्त होऊन सुरू झाला त्या दिवसापासून एकावर त्याचं कालवण असायचं आणि दुसऱ्यावर माझा वरणभात.