अण्णांना कळता कामा नये

किस्से हे दारामागच्या पिशव्यांसारखे असतात. कुणी फेकत नाही, आणि एक ओढली की दहा बाहेर पडतात.

परवा विमलच्या नातीला पहिल्यांदा पाळी आली. पोरीने घरभर जाहीर करून टाकलं! “मम्मी, रात्रीचं मोठं पॅड कुठलं घ्यायचं?” आणि बाप बिचारा खाली जाऊन घेऊन आला. वर दारातून विचारतो, “पंखांचं चालेल ना गं?”

मी आणि विमल एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो! नात भडकली. “आजी, यात हसण्यासारखं काय आहे?” आता हिला सुरुवात कुठून करायची? परळच्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यापासूनच करावी लागेल. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज मोर्चे, रोज घोषणा, आणि मध्येच कर्फ्यू.

*

विमल माझी शेजारीण. भिंतीला भिंत. तिचे वडील अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. बोलणं कमी, देवधर्म जास्त. विमल शाळेत कायम पहिली, पण अण्णांच्या थोरल्या भावाने, म्हणजे गावच्या दादांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, “चेडू शाणा झाला की शाळा बंद. हयसर स्थळ तयार आसा.” दादांचा शब्द अण्णांनी जन्मात मोडला नव्हता. म्हणजे विमलला पाळी आली की शाळा संपली आणि लग्न!

आमच्या भागात एकदा दुपारी गोळीबार झाला. आम्ही दोघी वेड्यासारख्या गॅलरीत उभ्या राहून बघत होतो, तर काकूंनी, विमलच्या आईने, कान धरून आत ओढलं. कर्फ्यू लागला, माझे आई-बाबा बाहेरच अडकले, म्हणून रात्री मी विमलच्याच घरी झोपले. अर्ध्या रात्री विमल मला गदागदा हलवते.

“नले, ऊठ! मला गोळी लागलीय!”

“कुठे?”

“ते नाही कळत. पण रक्त येतंय. दुपारीच लागली असणार. आता मरणार मी!”

मी भोकाड पसरलं. काकू उठल्या, कंदील वर केला, बघितलं आणि मटकन खाली बसल्या. मग पहिलं काय केलं असेल, तर आमच्या दोघींच्या तोंडांवर हात दाबले. “गप! अण्णांना कळता कामा नये!”

अण्णा होते कुठे? दारातच! उन्हाळ्यात पुरुष सगळे गॅलरीत झोपायचे, आणि अण्णा बरोबर आमच्या उंबऱ्याला लागून आडवे. बाहेर पडायचं तर त्यांना ओलांडूनच. आधी काकू, मग मी, आणि मध्ये पांघरूण गुंडाळलेली विमल.

“कोण ता?” अण्णा झोपेतच म्हणाले.

“नलूला संडासला जायचंय,” काकू म्हणाल्या.

“मग तिघी कशाला?”

“कर्फ्यू आहे ना!”

अण्णांनी कूस बदलली. कर्फ्यूत घोळक्याने फिरायला बंदी असते, हे त्यांच्या त्या वेळी ध्यानात आलं नसावं.

*

गेलो ते जिन्याशेजारच्या खोलीत, चंद्राताईकडे. चंद्राताई परळच्याच एका इस्पितळात नर्स. ती आणि तिची आई पुढे त्याच वर्षी बौद्ध झाल्या. मजल्यावरच्या बऱ्याच बायका एरवी तिच्या घरचं पाणी पीत नसत, हे सरळच सांगते. पण ताप, बाळंतपण, भाजलं-कापलं, की सगळ्यांना आठवायची ती चंद्राताई!

तिने विमलला पाच मिनिटांत समजावलं. गोळी नाही, रोग नाही, पाप नाही. मग खोक्यातून एक पॅड काढलं. कापूस आणि जाळीचं, चांगलं जाडजूड. ते कमरेच्या पट्ट्याला पुढून-मागून अडकवायचं. तो पट्टा तिने स्वतःच्या साडीवरून बांधून दाखवला. “झोपायच्या आधी बदलायचं. खाली जुन्या लुगड्याची घडी घालायची. कुशीवर झोपायचं. काही लागलंच तर थंड पाण्याने धुवायचं, गरम पाणी घातलंस तर डाग जन्माचा!”

आम्हाला तिने तिथेच झोपवलं. पहाटे मला जाग आली, तर विमल भिंतीला पाठ लावून ताठ बसलेली. डोळे लालभडक.

“अगं, झोपली नाहीस?”

“आडवी झाले आणि ते सरकलं तर?”

चंद्राताई अंथरुणातूनच ओरडली, “बये, रात्रभर जागं राहायचं काम त्याला दिलंय! तू कशाला पहारा देतेस?”

*

चंद्राताईकडची पॅडं काय रोज मिळणार होती? संपल्यावर काकू मला घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार गुजराती, वयस्क, डोक्यावर काळी टोपी. काकूंनी तोंड उघडलं आणि बाम मागितला. त्याने बाम दिला. काकू हलेनात. मग खोकल्याचं औषध मागितलं. मग माझ्यासाठी पेपरमिंट. मागे गिऱ्हाइकं वाढत चालली, काकूंच्या कपाळावर घाम, आणि मी आपली पेपरमिंट चोखत उभी.

शेवटी काकूंनी हाय खाल्ली आणि पायरी उतरल्या, तर मागून हाक आली, “बेन! आ रही गयुं!” म्हणजे, हे राहिलं. त्याने वर्तमानपत्रात घट्ट बांधलेला पुडा पुढे केला. काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. शहाणा माणूस!

चाळीच्या दाराशी आल्यावर काकू म्हणाल्या, “बघ गो नलू, मुंबई मागून मागून घसे सुकले, कुणी देत नाही. आणि हे न मागता दिलं!”

*

एकदा पोलीस आले. आमच्या चाळीत समितीची पत्रकं लपवलीत, अशी खबर होती. एक हवालदार खोली खोली बघत चंद्राताईच्या खोलीत शिरला. माळ्यावर खोकं. खोकं काढलं, उघडलं, तर आत कापूस आणि जाळीच्या लांब लांब घड्या! त्याचे डोळे चमकले.

“एवढ्या पट्ट्या? बोला, जखमी कुठं लपवलेत?”

चंद्राताईला हसू आवरेना. काकू पुढे झाल्या, पदर खोचला.

“आम्हीच त्या जखमी!”

“म्हणजे?”

“दर महिन्याला होतो. ह्या मजल्यावरच्या सगळ्याच. नावं लिहून घेता?”

हवालदाराने हातातली घडी बघितली. काकूंकडे बघितलं. मग विस्तव हातात आल्यासारखी ती घडी खोक्यात टाकली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत जो गेला, तो चाळीच्या बाहेरच!

आणि पत्रकं? खोक्याच्या तळाशीच तर होती.

*

आता चाळीत एकेक खोली. त्यात बाहेर बसायचं म्हणजे बसायचं कुठे? विहीर नाही, परस नाही, पडवी नाही. मजल्यावरच्या बायकांनी तोड काढली होती. बाहेरची असली की दिवसा चंद्राताईच्या खोलीत जाऊन बसायचं, संध्याकाळी आपल्या घरी दाराजवळच्या कोपऱ्यात. तेव्हा आपलाच विटाळ चालू, मग तिच्या घरचा चहा प्यायला हरकत नाही, असा सगळा सोयीचा हिशेब!

चंद्राताईची आई चहा गाळता गाळता म्हणायची, “प्या बायांनो! तीन दिस तुम्ही आमच्यातल्या. चौथ्या दिशी डोईवरनं पाणी घेतलं की परत वरच्या जातीच्या!” बायका हसायच्या, पण कपाकडे बघून हसायच्या.

एकदा चौथ्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या. न्हालेल्या, केस ओले, कपाळाला ताजं कुंकू. म्हातारी म्हणाली, “काय राहिलं का काय तुझं?”

“चहा राहिला,” काकू म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. तेव्हापासून काकू कधीही आल्या की चहा व्हायचा. मला ही बाई फार आवडायची, आजही आठवली की डोळे भरून येतात.

*

पण खरी गंमत पुढेच. विमलची पाळी लपवायची कशी? पॅडं परवडायची ती रात्रीपुरती, दिवसा आपल्या घड्याच. त्या वाळत पडणार, आणि अण्णांच्या डोळ्यांना दिसणार. काकूंनी डोकं चालवलं. विमलची वेळ आली की काकू स्वतःच बाहेर बसायच्या! स्वतःच्या वेळी तर बसायच्याच. म्हणजे महिन्यातून दोनदा.

काकू बाहेर बसल्या की स्वयंपाक अण्णांकडे. कोकणातला माणूस, भाकऱ्या झकास करायचा. पण महिन्यातून दोनदा म्हणजे थोडं झालं का? साच्यावर आठ तास उभं राहून यायचं आणि चुलीपुढे बसायचं! बरं, तोंडातून एक अक्षर नाही. उलट काकूंसाठी लोहाचं टॉनिक आणलं. ते कडू टॉनिक काकूंनी नाक दाबून प्यायलं, लेकीच्या शाळेसाठी!

शेवटी अण्णा काळजीने काकूंना घेऊन इस्पितळातच गेले, चंद्राताईपुढे उभे राहिले. मान खाली. “बाई, हिला महिन्यातून दोनदा होतंय.”

चंद्राताईने काकूंची नाडी बघितली, डोळे बघितले, जीभ बघितली. चेहरा एकदम गंभीर.

“होतं काही बायकांना असं. घाबरायचं काही नाही. मुलगी मॅट्रिक झाली की आपोआप थांबतं.”

“म्हणजे अजून तीन वर्षं,” अण्णा म्हणाले, आणि येताना बाजारातून भाकरीचं पीठ घेऊन आले.

*

आणि मग मॅट्रिकच्या परीक्षेतच गावचे दादा येऊन टपकले!

संध्याकाळची वेळ. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर, मी आणि विमल पुस्तक मध्ये ठेवून बसलेलो. विमलचा दुसरा दिवस होता, पोटात कळा येत होत्या, पण पोरगी हूं का चूं करत नव्हती. म्हणून अर्थातच काकू दाराजवळच्या कोपऱ्यात घोंगडीवर, बाहेर बसलेल्या.

दादांनी टोपी काढली, पाणी प्यायले आणि मुद्द्यालाच हात घातला. “काय रे, चेडू सोळा वर्सांचा झाला. अजून शाणा झाला नाय?”

विमलने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, पण पान तिच्या हातात चुरगळलं होतं.

अण्णा उठले. देवाच्या फळीपुढे गेले, हात जोडले.

“देवाशपथ सांगतंय दादा, माका कोणी काय सांगूक नाय.”

खोटी शपथ हा माणूस मेला तरी घेणार नाही, हे दादांना ठाऊक. तरी म्हातारा पक्का. दिवेलागण झाली होती. म्हणाला, “तर मग आज दिवो तेकाच लावूंदे.”

तीन वर्षं त्या चार दिवसांत विमल दिवेलागणीला माझ्या घरी पळून यायची. देवाला कधी हात लावला नव्हता, तेवढं पथ्य तिने आणि काकूंनी सांभाळलं होतं. आता ती जागची हलेना. काकूंनी डोळे मिटून घेतले.

“लाव गो विमल,” अण्णा म्हणाले.

विमल उठली. दोन काड्या तुटल्या, तिसरी पेटली. ज्योत लागली तसे अण्णांनी तिच्या मागे उभं राहून हात जोडले आणि रोजच्यासारखी शुभंकरोती म्हटली, मोठ्याने, शेवटपर्यंत. दादांनीही हात जोडले. “बरा तर. देऊंदे परीक्षा,” म्हणाले आणि विडी ओढायला गॅलरीत गेले.

अण्णांनी भाकऱ्या थापल्या. मग तव्याखालच्या निखाऱ्यांवर पाणी तापवलं, एका बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली आपल्या पंच्यात नीट गुंडाळली.

कोपऱ्यातून काकूंनी हात पुढे केला.

अण्णा त्यांच्या हातासमोरून तसेच पुढे आले, ती बाटली विमलच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “पोटाशी धर. आणि प्रमेयं म्हण बघू, मी ऐकतो.”