खोली बांधून राहिलो

नत्थुजी दमले ते फुलांनी नव्हे. वलगावच्या पुढे त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे. पहाटे फुलं तोडायची, सपरीत पसरायची, निवडायची आणि पोती ऑटोत टाकून अमरावतीच्या बाजारात न्यायची, हे ते पोरवयापासून करत आले. त्याबद्दल त्यांची कधी कुरकुर नव्हती. त्यांना दमवलं ते एका खोलीनं. तेही न बांधलेल्या.

घर लहान. पुढे टिनाच्या छपराची ऐसपैस सपरी. आल्यागेल्याची बैठक, फुलांचा कारखाना आणि नत्थुजींची झोपायची जागा, सगळं तिथंच. मुलगा गजेंद्र पुण्यात नोकरीला. सून रागिणी हडपसरची. दिवाळीला येतात, नातीची बडबड जरा ओळखीची व्हायला लागते, तोवर बॅगा भरतात.

आशाबाईंनी याचं कारण कधीच शोधून ठेवलं होतं.

"पोरीले कपडे बदलाले आडोसा नाई आपल्या घरात. कशी राहीन ते? खोली काढा."

खोली काढायची तर जागा एकच, सपरीची. मागे विहीर, बाजूला शेजाऱ्याची भिंत. आणि सपरी गेली तर फुलं कुठे पसरायची? अंगणात उन्हानं मान टाकतात. म्हणजे मळा दुसऱ्याला बटाईनं, वाट्यानं कसायला द्यायचा आणि आपण नुसतं बसायचं. नत्थुजींना त्या बसण्याचीच धास्ती होती. पण नात अंगाखांद्यावर खेळायच्या वयाची होती, आणि ते वय काही सपरीसाठी थांबणार नव्हतं.

दरवर्षी दिवाळी झाली की मोतीराम मिस्त्री यायचा, पावलांनी सपरी मोजायचा, चहा प्यायचा.

"मंग काय भाऊ, पाडू का?"

"पाहू."

"मांगच्या सालीबी पाहूच म्हनलं होतं तुमी."

"मंग तवापासून पाहूनच राहिलो ना बा!"

यंदा दिवाळीच्या तोंडावर विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला. नत्थुजी नुकतेच बाजारातून आले होते, पाय ठणकत होते. बाईंनी नातीचा खोकला सांगितला, पुण्याची थंडी सांगितली आणि हळूच विचारलं, "खोलीचं काय झालं हो?"

आता नत्थुजींना तरी किती वेळा ‘पाहू’ म्हणवणार? विषय मिटावा म्हणून ते बोलून गेले, "बांधून राहिलो."

वऱ्हाडात याचा अर्थ, बांधकाम चालू आहे. कुठवर आलं, हे विचारायचं नसतं. मनातल्या मनात चालू असलं तरी चालतं. पुण्यात याचा अर्थ, बांधून झाली आणि मंडळी राहायलाही गेली.

"अरे वा!" बाई हरखल्या. "कसं वाटतंय मग?"

"थकून गेलो बाप्पा."

"होतंच हो, नव्या जागेत सामान लावायचं म्हणजे. यंदा मीही येते पोरांबरोबर."

दोघंही मराठी बोलले, दोघांचंही समाधान झालं, आणि फोन ठेवला गेला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मंडळी बडनेरा स्टेशनवर उतरून दारात हजर. विहीणबाईंच्या हातात नव्या खोलीसाठी मोरांचा पडदा. सपरीत झेंडूचे ढीग. बाईंनी ढिगांना वळसा घातला, स्वयंपाकघर पाहिलं, विहिरीपर्यंत जाऊन आल्या.

"खोली कुठंय?"

"बांधून राहिलो ना," नत्थुजी पुटपुटले.

"अहो, कुठे राहिलात?"

"राहिलो नाई. बांधून राहिलो."

"बांधलीच नाही, तर राहिलात कशात?"

गजेंद्रला हसू आवरेना. तो सासूबाईंना म्हणाला, "मम्मी, बाबा ‘बांधतोय’ म्हणून राहिले."

"अच्छा!" बाई म्हणाल्या. "मग बांधताय कुठे?"

नत्थुजी पोती आवरायला लागले.

"यायच्या डोक्यात," आशाबाई म्हणाल्या. "तिथं माळा चढला असन आता."

बाई हसल्या, पडदा घडी करून पिशवीत गेला. पण नत्थुजींना हसू येईना. दुपारी सगळे फुलं निवडायला बसले, रागिणीही. नत्थुजींनी मान वर न करता विचारलं, "गजू, दिवाई झाली का सपरी पाडतो. पक्की खोली काढतो. मंग राहसान का पंधरा-वीस रोज?"

गजेंद्र एकाच फुलाच्या पाकळ्या तोडत बसला. बोलली रागिणी.

"बाबा, खोली झाली तरी आम्ही एवढेच दिवस राहू. ह्यांना रजा नाही, मलाही नाही. दरवेळी आई विचारायच्या, लवकर का चालली? काहीतरी सांगायला हवं, म्हणून मी जागेचं सांगायचे. ते सोपं होतं."

आशाबाईंचा हात थांबला. खोलीवरून इतकी वर्षं चाललेलं त्यांचं भांडण ओंजळभर फुलं निवडता निवडता मिटलं.

"पह्यलेच सांगाचं ना मग माय," नत्थुजी म्हणाले. रागावून नाही, ओझं उतरवलेला माणूस आधी नुसता श्वास घेतो, तसं. "मी सपरीले जीव लावू का नातीले, याच्यातच आटून गेलो."

"चुकलंच माझं."

"तुयं काय चुकलं? रजा काय मले मळ्यात पिकवता येते?"

भाऊबीज होताच मंडळी निघाली. ऑटोत नात झोपूनच गेली, त्यामुळे टाटा राहिला. मग मोतीराम आला आणि सवयीनं पावलं टाकायला लागला.

"राहू दे रे. नाई बांधत."

"पाहू नाई?"

"नाई. नाईच बांधत."

मोतीराम गोंधळला, इतकं सरळ उत्तर त्याला या घरात मिळालं नव्हतं. चहाही न घेता गेला. नत्थुजी रिकाम्या पोत्यांवर आडवे झाले.

"बरं झालं का वाईट झालं हे?" आशाबाईंनी विचारलं.

"मले नाई समजून राहिलं," डोळे मिटून ते म्हणाले. "तू बी पड जराशीक."

कधी नव्हे त्या आशाबाई भर दुपारी त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. जागा भरपूर होती.