कॉम्प्युटरमधली अमावास्या

आमच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरची डॉक्टर झाले ती काही शिकून नव्हे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला, आणि त्या दिवसापासून वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की माझ्या नावानं हाका सुरू झाल्या. पंखा बंद पडला तरी मीच.

केजमधली आमची शिक्षणसंस्था लहान आहे. एक शाळा, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी दरवर्षी सहा महिन्यांचं वसतिगृह. ऑफिसात माणसं मोजून चार: सचिवसाहेब, निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क, मी आणि झाडलोट करणारी मावशी. मावशी आमच्याकडे उरलेले सहा महिनेच असायची. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा टोळीबरोबर कारखान्यावर जायचे.

त्या उन्हाळ्यात साहेब पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते नवीन माणूस होऊन. "आजपासून सगळ्या मीटिंगा मेलमधल्या कॅलेंडरवर. भिंतीवर काही न्हाई," असं म्हणून त्यांनी हेडक्लार्कांचं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला लावलं. तीस वर्षं त्या खिळ्यावर दरसालचं कॅलेंडर लटकत होतं, आणि लाल पेनानं केलेल्या त्यावरच्या नोंदींवर संस्था चालत होती. हेडक्लार्कांनी ते मुकाट्यानं काढलं आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. ते फक्त मी पाहिलं.

पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरनं रंग दाखवले. साहेबांनी अकरा वाजताची मीटिंग लावली होती. मी सकाळी दहाला पोहोचले तर हेडक्लार्क पायरीवर बसलेले, डोळे लाल, शेजारी रिकामा थर्मास.

"काका, एवढ्या लवकर?"

"लवकर कावून? साडेपाचला आलतो मी. तुमच्या कॉम्प्युटरवर मीटिंग साडेपाचचीच हाय. कुत्र्यांबिगर कुणीबी आलं न्हाई."

मी त्यांचा कॉम्प्युटर उघडून पाहिला. बिचारा देहानं केजमध्ये होता, पण त्याचं घड्याळ कुठल्या तरी परदेशाचं लावलेलं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मी भारताची वेळ लावून दिली. "तरीच," हेडक्लार्क म्हणाले, "मला वाटलं साहेब पुण्यात योगा शिकून आलेत."

दुसरा घोळ साहेबांचा. एकाच वेळी दोन मीटिंगा पडायला लागल्या. मी त्यांच्या कॅलेंडरमध्ये शोधून एक खूण केली: त्या वेळी आधीच काम असेल तर नवीन निमंत्रणाला कॉम्प्युटरनंच परस्पर नकार कळवायचा. साहेब बेहद्द खूश झाले. मी तर महिनाभर जमिनीवर चालत नव्हते.

मग सप्टेंबर आला, आणि मावशी रोज फरशी पुसता पुसता विचारायला लागली, "म्याडम, वसतिगृहाचं काय झालं वं?"

तिची मुलगी सातवीत होती. आदल्या वर्षी मंजुरीला उशीर झाला, तशी ती आईबापाबरोबर फडावर गेली आणि निम्मं वर्ष बुडालं. "औंदा न्हाई न्यायची तिला," मावशी म्हणायची. "गणितात पयली आली हाय. मोळ्या मोजायला कशाला गणित लागतंय?" मंजुरी बीडच्या कमिटीकडून यायची. एकदा साहेबांनी फाईल घेऊन समोर बसायचं, सही घ्यायची, की झालं. मेलवर येणाऱ्या त्यांच्या निमंत्रणाची आम्ही वाट बघत होतो.

शेवटी मीच बीडला फोन लावला. पलीकडचे क्लार्क गुरगुरले, "तुमाला तिसऱ्या माळेची तारीख दिलती की. तुमच्याच साहेबांनी नको म्हणून कळवलं. लई मोठे झाले का तुमचे साहेब? आता दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर म्हणजे टोळ्या गेल्यावर. मावशी दाराशी उभी होती. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि पुन्हा काढलंच नाही.

साहेब म्हणाले, "मी कुणालाबी नको म्हणलं न्हाई." मी त्यांचं कॅलेंडर उघडलं. नवरात्रातला तिसरा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला, आणि त्यावर एकच अक्षर: 'अ'. मागच्या महिन्यात त्याच तारखेला 'अ'. पुढच्या महिन्यातही, आणि मी पुढची पुढची वर्षं उघडत गेले तरी 'अ' संपेना.

हेडक्लार्क खाकरले. "अमावास्या हाय ती."

तीस वर्षांत त्यांनी अमावास्येला एकही शुभकाम होऊ दिलं नव्हतं. ना प्रवेश, ना मीटिंग, ना नवीन रजिस्टर. कॅलेंडर भिंतीवरून गेल्यावर साहेबांना हे तोंडावर सांगणार कोण? म्हणून साहेबांच्या मीटिंगा भरता भरता त्यांनी आषाढातली अमावास्या गुपचूप भरली, दिवसभर साहेब कामात आहेत असं दाखवलं, आणि 'दर महिन्याला' वर बोट ठेवलं. चंद्र काही इंग्रजी तारखेनं चालत नाही. कॉम्प्युटरची अमावास्या दर महिन्याला एकदोन दिवस पुढं सरकत सरकत थेट नवरात्रात जाऊन बसली होती.

माझा संताप अनावर झाला. "काका, तुमच्या त्या अमावास्येपायी पोरीचं वर्ष गेलं!" असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. ते चष्मा पुसत राहिले. आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. अमावास्या त्यांची, पण नकार कळवायला कॉम्प्युटरला शिकवलं कुणी? मी. त्या क्षणी फरशी दुभंगली असती तर मी आत गेले असते. मी काकांची माफी मागितली आणि परत बीडला फोन लावला. हातापाया पडले, चूक माझी म्हणून सांगितलं.

क्लार्क जरा विरघळले. "एकच दिवस मोकळा हाय बगा. चार दिवसांनी. सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी कमिटी बसती, पण वेळ मागायला कुणी येत न्हाई."

मी फोनवर हात ठेवून सांगितलं. साहेब, पुण्याहून नवीन होऊन आलेले साहेब, चटकन म्हणाले, "अमावास्येला? तेबी पितरांच्या? न्हाई बा."

मावशी हेडक्लार्कांकडं बघत होती. हेडक्लार्क उठले, कपाट उघडलं, दारावरच्या कॅलेंडरमधल्या त्या काळ्या चौकोनाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, जाऊ आपण. फाईल मी घेतो. पितरं आपलीच हायेत, त्यांनाबी नातवंडं शिकलेली नको का?"

त्या दिवशी बीडच्या ऑफिसात रांग नव्हतीच. वीस मिनिटांत सही झाली. येताना काका जीपमध्ये पूर्ण वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, असं साहेबांनी नंतर सांगितलं.

दसऱ्यानंतर वसतिगृह सुरू झालं. निघायच्या दिवशी मावशी मुलीला घेऊन आली. "म्याडम, मी येणार त्यो दिवस तुमच्या मशिनीत टाका. हिला बगायला बरं."

कारखाना कधी बंद होणार हे कारखान्यालाही माहीत नसतं. पण कॅलेंडर तारखेशिवाय नोंद घेत नाही. मी अडले. काका टेबलामागून म्हणाले, "पाडव्याच्या आदली अमावास्या टाका. आपल्याला लाभली हाय ती." मी त्यांच्या कपाटाच्या दारावर तारीख पाहायला गेले, तर पुढच्या सालाचं कॅलेंडर अजून छापलंच नव्हतं. मग काकांनी बोटांवर हिशेब करून तारीख सांगितली, आणि मी लिहिलं: 'आई येणार.'

मुलगी शाळा सुटली की ऑफिसात यायची. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ माझ्या खुर्चीमागं उभी राहून दिवस मोजायची. काका जानेवारीत निवृत्त झाले, तरी अधूनमधून येऊन तिला विचारायचे, "किती राहिले गं?"

नोंदीला अजून आठ दिवस होते. शाळा नुकतीच सुटली होती, मी मेल वाचत होते. बाहेर गाठोडं टेकल्याचा आवाज आला, आणि माझ्या खुर्चीमागून चपला न घालताच कुणीतरी धावलं.

कॅलेंडर पुन्हा चुकलं होतं. यावेळी मी दुरुस्त करायला गेले नाही.