दोना झोराइदेंचा स्लॅब

पर्यटकांना जीपमधून आमची टेकडी दाखवणारा एवांद्रो सांगतो, दोना झोराइदे पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्याच्या जीपचा हॉर्न आपोआप बंद पडला, आकाशातल्या गिधाडांनी वाट बदलली आणि समोरच्या डोंगरावरचा येशू पसरलेले हात खाली घ्यायच्या बेतात होता. यातलं निम्मं खोटं धरू. पण पावणेपाच फुटांची बाई, हातात फावडं, केसांत गुलाबी कर्लर, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलंय.

रविवार होता. रिओतल्या आमच्या टेकडीवर रविवारी शेजाऱ्याचा स्लॅब टाकायचा आणि मग त्याच्याकडेच जेवायचं, अशी रीत. इस्पितळाच्या धोबीखान्यात सव्वीस वर्षं चादरी धुतलेल्या झोराइदेबाईंना त्या दिवशी स्वतःच्या घरावर स्लॅब हवा होता. वर मुलीची खोली उठवायची होती. लग्न ठरलेल्या जिझलेननं टेकडी सोडून जाऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट.

माल खाली रस्त्यात कालवायचा, बावन्न पायऱ्या हातोहात वर चढवायचा आणि एका दमात ओतायचा. मध्ये थांबलं की सांधा पडतो, सांधा पडला की छप्पर गळतं. नेमकी त्याच वेळी एवांद्रोची जीप येऊन पायऱ्यांच्या तोंडाशी अडकली. पुढे वाळूचा ढीग, मागे त्याच्याच कंपनीच्या आणखी दोन जीपा. आत नऊ परदेशी पाहुणे, कॅमेरे पोटाशी धरून, सिंह बघायला निघाल्यासारखे.

“मावशी, ढीग जरा बाजूला घ्या ना.”

“बाजू कुठाय बाळा? बाजूला माझं घर आहे. वाळू संपली की रस्ता मोकळा. उतरव यांना खाली.”

“कंपनीचा नियम आहे. इथं उतरणं धोक्याचं.”

“कुणाला रे? माल आवळायला लागलाय, धोका मला आहे!”

वरून गवंडी आमारो ओरडला, “झोराइदे, माल पाठवतेस, की मी आडवा होऊ?”

“ऐकलंस? आधी घमेली, मग फोटो.”

एवांद्रोनं पाहुण्यांना सांगितलं, की ही इथली रीत आहे, नाही म्हटलं तर अपमान होतो. त्या धंद्यात तो पहिल्यांदाच खरं बोलला.

हॉलंडचा एक ताडमाड दंतवैद्य आधी उतरला. त्यानं पहिलं घमेलं स्वतःच्या बुटांवर ओतलं.

“बूट उद्या धू! हात पुढे कर!” बाई कडाडल्या. भाषा कळली नाही, पण हात पुढे आला. मग बाकीचे उतरले. मागच्या जीपांतलेही. बाईंनी उंचांना पायऱ्यांवर आणि बुटक्यांना वाळूवर लावलं, रडक्या चेहऱ्याच्या एकाला पाण्याची बादली दिली. एवांद्रोला तर फावडंच.

“मावशी, मी गाइड आहे.”

“मग दाखव की कसं करायचं ते.”

दोन वाजता वाळू संपली. सगळ्यांनी काळ्या घेवड्यात शिजवलेल्या डुकराच्या मांसावर ताव मारला. दंतवैद्यानं तीनदा वाढून घेतलं. फोटो मात्र एकही निघाला नाही, कारण बोटांवर सिमेंट होतं.

स्लॅबला सांधा पडला नाही. आज चार वर्षं झाली, थेंब गळत नाही. जिझलेन लग्नानंतर खाडीपलीकडच्या नितेरॉयला सासूकडे राहायला गेली. वरची खोली बांधलीच नाही.