पांढऱ्या कपड्यांत बर्फात

काकांना निरोप द्यायला निघालो त्या सकाळी लंडनच्या कडेला, आमच्या पिनरमध्ये बर्फ असा नव्हताच. कुंपणांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं काहीतरी दिसत होतं आणि समोरच्या घरातला माणूस रोजच्यासारखा कुत्र्याला फिरवत होता. पण वर मिडलँड्सकडे जोराचा बर्फ पडणार म्हणून हवामान खात्यानं अंबर वॉर्निंग, म्हणजे धोक्याचा इशारा, दिली होती. अगदी गरज असेल तरच प्रवास करा, असं रेडिओवरची बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. आता गरज कशाला म्हणायचं, यावरून आमच्या स्वयंपाकघरात जुंपली होती.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. मी नागपूरहून नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आले तेव्हा कॉव्हेंट्रीत ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहिले, ते काका आणि काकू. काकांची उमेदीची सगळी वर्षं मोटारींच्या कारखान्यात गेली आणि सगळे रविवार एका भाड्याच्या हॉलमध्ये. तिथे ते आमच्या लोकांना जमवायचे, बुद्धवंदना घ्यायचे, मग चहाच्या कपाबरोबर एखादा विषय काढून सगळ्यांना भांडायला लावायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आजारी पडल्यावर एकदा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "माझ्या वेळी वंदना तू म्हणायचीस. तुझा आवाज खणखणीत आहे आणि तू उगाच रडत बसत नाहीस." मी हो म्हटलं होतं.

आमच्यात त्रिशरण-पंचशील एकानं पुढे होऊन म्हणायचं असतं आणि बाकीच्यांनी एकेक ओळ मागून म्हणायची असते. त्या दिवशी पुढे होणारी मी होते. इथे माणूस गेला की दहनाची वेळ मिळायलाच आठवडे जातात, आणि मिळते तीही एखाद्या लग्नाच्या हॉलसारखी, तेवढ्यापुरती. काकांची वेळ दुपारी एकची होती. ती चुकली की काका पुन्हा शवागारात आणि काकू पुन्हा एकट्या घरात. सकाळी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, तिकडचे मोठे रस्ते मीठ टाकून मोकळे केलेत, शववाहिका येणार आहे, मी यांना घेऊन निघतेय. तू ये, नाहीतर नको येऊस, पण रस्त्यात काही करून घेऊ नकोस. त्यातलं मला फक्त 'ये' ऐकू आलं.

आमचे हे विमा कंपनीत आहेत. कुठे काय वाईट होऊ शकतं याचा हिशेब करून हा माणूस पोट भरतो. दहीभातसुद्धा फुंकून खाईल असा स्वभाव. ते म्हणाले, गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांनी जीव धोक्यात घालायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं? मुलगी त्यांच्याच बाजूची. ती जन्मली, वाढली इथेच, त्यामुळे तिचं मराठी असं: "आई, इसेन्शियल म्हणजे हॉस्पिटल. काका तर ऑलरेडी गेला आहे. ही वुड बी सो क्रॉस विथ यू. तो नेहमी म्हणायची ना, थिंक फर्स्ट?"

हे खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. काका अमावास्येला मुद्दाम नवी वस्तू घेणारे गृहस्थ. पंचांग त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही, पण हवामानाचा अंदाज मात्र कान देऊन ऐकायचे. मी म्हटलं, मी शब्द दिला तेव्हा हवामान खात्याची परवानगी काढली नव्हती. रेल्वेगाड्या रद्द झाल्या होत्या म्हणून मी मोटारीची किल्ली घेऊन एकटीच निघाले, तेव्हा यांनी हिशेब केला असावा की ही एकटी गेली तर धोका दुप्पट. त्यांनी मुकाट्यानं डिकीत फावडं ठेवलं, ब्लँकेट ठेवलं, चहाचा थर्मास भरला. तुम्हा दोघांना एकटं सोडण्यात अर्थ नाही, असं म्हणत मुलगीही बूट घालून आली.

आम्ही तिघंही पांढऱ्या कपड्यांत होतो. आमच्यात मंगल असो की निरोप, पांढरंच घालतात. माझी पांढरी साडी, आतून थर्मल, वरून खास अशा प्रसंगांसाठी घेतलेला लांब पांढरा लोकरी कोट. यांचा पांढरा स्वेटर. मुलीचं पांढरं फुगीर जाकीट, ते मीच तिला घालायला लावलं होतं. गाडीत बसताना मला वाटलं, काकांना शोभेल असे दिसतोय आम्ही.

एम फोर्टी महामार्गावर टेकड्या सुरू झाल्या आणि समोरचं जग बंद झालं. आधी चुरा पडत होता, मग पिसं, मग दिसेनासंच झालं. वाहतूक मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि मग तीही थांबली. वरच्या पाटीवर पुढे रस्ता बंद असल्याचं आलं. पुढच्याच फाट्यावर यांनी गाडी बाहेर काढली, घरी परतायला म्हणून. माझ्या फोनवर खेड्यापाड्यांतून जाणारा एक आडरस्ता दिसत होता. मी म्हटलं, इथून जाऊ. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हट्टाला पेटले की काय होतं ते त्यांना माहीत आहे. त्यांनी गाडी वळवली.

दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं असलेला तो अरुंद रस्ता होता. एका वळणानंतर गाडी हळूच, अगदी सभ्यपणे घसरली आणि तिनं बाजूच्या बांधात नाक खुपसलं. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. यांनी इंजिन बंद केलं आणि ढकलायला म्हणून आम्ही तिघं उतरलो.

आणि मी ढकलायचंच विसरले.

मी नागपूरची. अंगाची लाही लाही होते ते ऊन मला कळतं, उन्हाला मी घाबरते, त्याच्याशी माझं जुनं नातं आहे. बर्फ माझ्यासाठी इतकी वर्षं म्हणजे बसस्टॉपवरचा काळपट चिखल, इथल्या पालिकेला शिव्या देण्याचं निमित्त. तिथे पहिल्यांदा मी त्याला त्याच्या घरी पाहिलं. शेत कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एक झाड होतं, ते अर्धंच दिसत होतं. वर पाहिलं तर राखाडी रंगातून ते सगळं खाली येत होतं, न थांबता, कुणासाठी नाही, कुणावर रागावून नाही. एवढं प्रचंड काहीतरी चाललं होतं आणि त्याचा जराही आवाज नव्हता. माझ्या पापण्यांवर बर्फ साचत होता आणि मी तो पुसला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. मी देव मानत नाही, तेव्हा ते कुणाला जोडले हे मला आजही सांगता येणार नाही.

बर्फ आवाज गिळतो हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे ट्रॅक्टर वळणावर आला तेव्हाच ऐकू आला. पुढे बर्फ ढकलायचं रुंद लोखंडी पातं होतं आणि आम्ही तिघं रस्त्याच्या मधोमध उभे होतो. हे ओरडले. मुलीनं माझा कोट धरून मला मागे ओढलं. पातं थांबलं ते इतकं जवळ, की त्याच्यापुढचा बर्फाचा ढीग माझ्या पायांवर कोसळला आणि मी गुडघ्यापर्यंत त्यात गाडली गेले.

वर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, नारिंगी जाकिटातली. बराच वेळ ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली. मग खाली उतरली. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आय कुडन्ट सी यू. यू आर ऑल इन व्हाइट."

मी सांगितलं की आम्ही अंत्यविधीला निघालोय, आमच्यात निरोपाला पांढरं घालतात. तिनं आमच्या तिघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, मग आज एकाच कपड्यांत दोन कामं झाली असती. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हा. मुलीचं पांढरं जाकीट माझ्या शेजारी होतं आणि दोन पावलांवरून ते बर्फासारखंच दिसत होतं. त्या दिवशी आणि त्यानंतरही 'मी सांगत होतो' हे वाक्य यांनी एकदाही उच्चारलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

अशा बर्फात निघावं का, असं हल्ली कुणी विचारलं तर मी सरळ नको म्हणते. घरी बसा, चहा प्या. निघालं तर काय होतं ते मी पाहिलंय. पण त्या दिवशी निघालेच नसते तर, या प्रश्नाशी मी अडखळते, कारण पुढे जे झालं ते मी घरच्या सोफ्यावर बसून तसं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

त्या बाईनं आमची गाडी साखळीनं ओढून जवळच्या खेड्यात, एका बंद पबसमोर आणून सोडली. पुढचा रस्ता बंद, मागचाही संध्याकाळपर्यंत बंद. एक वाजत आला होता आणि फोनला सिग्नल नव्हता. तो वर चढावर, शेतातल्या फाटकापाशी मिळतो, असं तिनं जाताना सांगितलं. यांनी डिकीतलं लाल ब्लँकेट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं आणि म्हणाले, "जा. दिसशील एवढ्या अंतरावर राहा."

मी चढून गेले. फोन काकूंच्या शेजारणीनं उचलला, एक म्हातारी आयरिश बाई, माझ्या ओळखीची. ती म्हणाली, इथे फारसं कुणी नाही. काकू, ती, तिचा नवरा आणि शवपेटी उचलायला आलेले चार जण. बर्मिंगहॅमहून, लेस्टरहून, लंडनहून कुणीच पोचलं नव्हतं. जयंतीला ज्या माणसाचा हॉल भरून माणसं बाहेर उभी राहायची, त्याच्यासाठी खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळ्यांनी शहाणपणा केला होता आणि त्यात चूक काहीच नव्हती. मी तिला म्हटलं, स्पीकर लाव आणि फोन काकूंजवळ धर. मी इथूनच म्हणते.

मी सुरू केलं. पांढऱ्या उतारावर एकटी उभी राहून, काकांना आवडायचा त्या खणखणीत आवाजात. एकेक ओळ म्हणायची आणि थांबायचं. पलीकडून ती ओळ परत यायची, एकाच बारीक, म्हाताऱ्या आवाजात. त्रिशरण झालं. पंचशीलातलं दुसरं शील म्हटलं आणि थांबले, तर पलीकडून काही आलंच नाही. फोन कट झाला होता.

मी वर चढत गेले, फोन उंच धरून, पुन्हा पुन्हा नंबर फिरवत. पाय मांडीपर्यंत रुतत होते. बोटांना स्पर्श कळत नव्हता. तिकडे काका दहनाआधी शवपेटीपुढे ओढतात तो पडदा सरकण्याची वाट बघत अर्धवट वंदनेत पडून आहेत, आणि ती अर्धवट मी ठेवलीय, एवढंच डोक्यात होतं. मी उगाच रडत नाही असं काका म्हणायचे. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले, आणि तेही बर्फानं गिळलं.

मग एकदाचा फोन लागला. कुणी हॅलो म्हटलं नाही. आत कुणीतरी पंचशील म्हणत होतं.

मोठा, संथ, न अडखळणारा आवाज होता. क्षणभर मला वाटलं, चला, कुणीतरी जाणतं पोचलं. तो काकूंचा आहे हे कळायला मला एक अख्खी ओळ लागली. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. रविवारी त्या हॉलच्या स्वयंपाकघरात चहा उकळत असायच्या, वंदना सुरू झाली की दारात येऊन उभ्या राहायच्या, ओठ हलवायच्या. कुणी पुढे बोलावलं तर म्हणायच्या, मला नाही बाई जमत. आता त्या आपल्या नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभ्या राहून एकेक ओळ देत होत्या आणि त्यांच्या मागून ती शेजारीण, तिचा नवरा आणि ते चार परके पुरुष ती पाली वेडीवाकडी का होईना, पण म्हणत होते. घाई कुणी करत नव्हतं. चुकलं तर काकू तेवढा शब्द पुन्हा म्हणायच्या.

मी पुढे बोललेच नाही. शेवटच्या दोन ओळी मीही त्यांच्या मागूनच म्हटल्या. मग काकूंनी "साधु" म्हटलं, तीन वेळा, आणि मी तीन वेळा म्हटलं. बर्फ पडत होता.

थोड्या वेळानं काकूंनी फोन हातात घेतला. मी म्हटलं, काकू, फोन मधेच तुटला, मी शब्द दिला होता, मला माफ करा. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "पोरी, बरं झालं तू पोचली नाहीस. तू असतीस तर मी आजही मागूनच म्हटलं असतं."