उंबऱ्यापुढची काळी रेघ

आमचे हे मद्रासजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या एका कारखान्याची बस सतरा वर्षं चालवत होते. बसला एक ओरखडा नाही! पण रस्त्यावरच्या खुणांचं नाव काढू नका. "मद्रासात पाटी बघून गाडी कोण चालवतो?" म्हणायचे. १९८३ साली मस्कतला नोकरी लागली, तेव्हा ही सगळी मिजास उतरली. तिथं आधी खुणांची परीक्षा. नापास झालं की कंपनी घरी पाठवणार.

एजंटानं खुणांचं पुस्तक दिलं. ते उघडलं की पाचव्या मिनिटाला यांचं घोरणं सुरू! शेवटी मीच डोकं चालवलं. दारात रोज पिठाचं कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढायचंच असतं, त्या जागी मी एकेक खूण काढू लागले. तांदळाचं पांढरं पीठ, भोवती कावेचं तांबडं वर्तुळ. ओळखल्याशिवाय कॉफी नाही!

महिन्याभरात सगळ्या झाल्या, एक सोडून. पांढऱ्या गोलावर काळ्या तिरप्या रेघा, म्हणजे इथून पुढं सगळी बंधनं संपली. मी कोळशाची पूड हातात घेतली मात्र, सासूबाई कडाडल्या, "हेमा! उंबऱ्यापुढं काळं? घरातलं माणूस परदेशी निघालंय, कळतंय का काही?" मी पूड परत डब्यात टाकली. पण पुस्तकात ती खूण आली की हे ठासून सांगायचे, "थांबायला मनाई." सातदा विचारलं, सातही वेळा चूक. अय्यो, माझं तर डोकंच फिरलं!

निघायच्या दिवशी पहाटे मी दार उघडलं आणि जागच्या जागी थिजले. सासूबाई दारात बसल्या होत्या. बोटं काळी, समोर ती खूण.

हे कॉफी मागत बाहेर आले.

"आधी ओळख, दत्ताजी," सासूबाई म्हणाल्या.

"थांबायला... मनाई?"

"नाही रे बाळा. आता तू मोकळा. जा."

हे वाकले आणि आईच्या पाया पडले. मला रडू आवरेना.

महिन्यानं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. 'शेवटी तीच खूण विचारली. मला आईची काळी बोटं दिसली. पास झालो.'

सासूबाईंनी डोळे पुसले. "हेमा, मला कॉफी दे," म्हणाल्या.

महिनाभर पित्ताचं निमित्त सांगून त्यांनी कॉफीचा घोट घेतला नव्हता. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.