खडूचे आकडे

नगरच्या एमआयडीसीत पंपाचे शाफ्ट करणाऱ्या कारखान्यात पुंजारामची सव्वीस वर्षं एकाच लेथवर गेली. सकाळची पाळी संपली की तो मशीनच्या पत्र्यावर खडूने आकडे लिहून ठेवी: टूल कितीवर लावलंय, डायल कुठं थांबवायचा. दुसऱ्या पाळीचा बजरंग ते वाचून कामाला लागे आणि जाताना आपले लिही. चौथीपुढे न गेलेल्या पुंजारामचं एवढंच काय ते लेखन, पण अक्षर मोत्यासारखं.

दिवाळीनंतर कंपनीने चौदा माणसं घरी बसवली आणि उरलेल्यांची मती फिरली. एकत्र बसणारे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. जो तो साहेबांच्या केबिनकडे डोळा ठेवून. त्यात बातमी आली, की लेथवर यापुढे एकच पाळी चालणार. ज्याचा माल जास्त तो राहणार, दुसरा जाणार.

दुसऱ्या दिवसापासून पत्रा ओल्या फडक्याने लख्ख पुसलेला. पुंजारामचा रोज अर्धा-पाऊण तास सगळं नव्याने जुळवण्यात जाई. माल घटला. तरी पाळी सुटताना हा भला माणूस खडू घेऊन हजर.

"तुमीबी पुसा की," बायको आक्काबाई म्हणाली. "लई साधू लागून गेलात. आपल्या पोरीचं, राजनंदिनीचं कालेज अजून दोन वरसं हाय."

"आकडा चुकला तर टूल फुटतं. तुकडा त्याच्या डोळ्यात गेला म्हंजी?"

आक्काबाईने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

यादी लागली, तीत पुंजारामचं नाव होतं. दुसऱ्या पाळीचा माल जास्त निघाला होता. तो कुणाच्या खडूमुळे निघाला, हे लिहायला असल्या यादीत जागा नसते. सांगतानाही राग येतो.

शेवटच्या दिवशी पाळी संपली तरी पुंजाराम घरी गेला नाही. बजरंग आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"काका, मीच पुसत हुतो."

"ठाऊक हाय. तुझी पोरं लहान हायत. तुझ्या जागी मीबी पुसलं असतं." पुंजारामने मशीन चालू केलं. "टूल झिजाय लागलं की आवाज बदलतो. ते खडूनं लिवता येत न्हाई, म्हून थांबलो. ऐक."

बजरंगला काही ऐकू येईना. त्याचे खांदे हलत होते.

पुंजारामने मशीन बंद केलं. "आदी रडून घे," तो म्हणाला. "मी हाय अजून तासभर."